अल्गार्वचे कौल

पोर्तुगीज अमदानीत राजाच्या नावाने गोव्यास जे हुकूम येत, त्यांच्या शिरोभागी त्याची लांबलचक बिरुदावली असे. ‘पोर्तुगाल आणि अल्गार्व यांचा राजा’ असा तिचा आरंभ होई. मग आफ्रिकेचा किनारा व गिनी यांचा उल्लेख येई, आणि अखेरीस इथिओपिया, अरबस्तान, इराण व हिंदुस्थान येथील दिग्विजय, नौकानयन आणि व्यापार यांचे स्वामित्व सांगितलेले असे. १९१० साली पोर्तुगालातील राजेशाही संपेपर्यंत ही बिरुदावली चालत आली. आमच्या वाडवडिलांनी ती कितीदा ऐकली असेल. परंतु त्या नामावळीत हिंदुस्थानच्या कितीतरी आधी येणारा हा अल्गार्व कोण, याची चौकशी आमच्याकडे फारशी झाली नाही. वस्तुतः ती होणे अगत्याचे होते. कारण पोर्तुगालच्या राजाने परधर्मीय प्रजा जिंकून तिला लेखी कौल देण्याचा प्रकार आमच्यापाशी येण्यापूर्वी साडेतीन शतके सुरू केला होता, आणि अल्गार्व हे त्याचे एक ठळक क्षेत्र होते. जेत्याने जितांस दिलेल्या शब्दाचे मोल काय, या एका प्रश्नाच्या आधाराने त्या प्रांताचा प्राचीन व मध्ययुगीन इतिहास वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

अल्गार्व म्हणजे पोर्तुगालची दक्षिणेकडील पट्टी. क्षेत्रफळ सुमारे पाच हजार चौरस किलोमीटर. उत्तरेस मोंशिक आणि काल्देरांव हे डोंगर, पूर्वेस ग्वादियाना नदी, दक्षिणेस व पश्चिमेस अटलांटिक महासागर. अंजीर, बदाम, ऑलिव्ह, मीठ आणि मासळी यांवर हा मुलूख पूर्वापार पोसला गेला. ‘अल-गर्ब’ या अरबी शब्दाचा अर्थ ‘पश्चिम’, आणि तेच नाव पोर्तुगीज जिभेवर अल्गार्व झाले. जिंकणाऱ्याने मुलूख घेतला, तथापि त्याचे नाव जितांच्याच भाषेतले राहिले.

या भूमीचे ज्ञात असलेले पहिले रहिवासी म्हणजे कुनेती लोक. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात त्यांचा उल्लेख युरोपच्या अगदी पश्चिम टोकाचे लोक म्हणून केला आहे. अल्गार्वच्या डोंगराळ भागात आणि त्याच्या उत्तरेकडील प्रदेशात त्या काळचे शिलालेख सापडतात. इ. स. पूर्व सातव्या ते पाचव्या शतकांतील या शिलांवरील अक्षरे बऱ्याच अंशी वाचता येतात. परंतु त्यांतील भाषेचा अर्थ अद्याप लागलेला नाही. एका समाजाने आपल्या मृतांची नावे दगडावर कोरून ठेवावीत आणि ती वाचून समजणारा कोणी उरू नये, यापरते विस्मरण ते कोणते?

त्यांच्या देवधर्माची मात्र एक खूण राहिली आहे. प्रांताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील सागरात शिरलेल्या भूशिराला प्राचीन लोक ‘पवित्र भूशिर’ म्हणत. भूगोलकार स्ट्रेबो आपल्या आधीच्या आर्तेमिदोरस नामक प्रवाशाच्या आधाराने सांगतो, की तेथे देऊळ नव्हते की वेदीही नव्हती. जागोजाग तीन-तीन, चार-चार दगड एकत्र मांडलेले असत. येणारे यात्रिक ते दगड फिरवीत, त्यांवर तर्पण करीत आणि पुन्हा जागच्या जागी ठेवीत. रात्री त्या स्थळी पाऊल टाकण्यास मज्जाव असे, कारण त्या वेळी तेथे देवांचा वास असतो अशी श्रद्धा होती. यात्रिक जवळच्या गावी रात्र काढीत आणि दिवस उजाडल्यावर, तेथे पाणी नसल्यामुळे, आपले पाणी बरोबर घेऊन जात. राईतल्या देवाच्या पाषाणापुढे हात जोडणाऱ्या आमच्या वाचकांस या श्रद्धेचे मर्म वेगळे समजावून सांगावयास नको.

रोमन लोकांनी या द्वीपकल्पाच्या पश्चिम भागात पाय रोवला तो सहजासहजी नव्हे. तेथील लुसितानी लोकांनी दीर्घकाळ झुंज दिली. इ. स. पूर्व १५० मध्ये सर्व्हियस सुल्पिशियस गाल्बा या रोमन अधिकाऱ्याने त्यांना शरण येण्यास सांगितले आणि वसाहतीसाठी जमिनी देण्याचे वचन दिले. लोक आले, त्यांनी शस्त्रे खाली ठेवली, आणि गाल्बाने त्या निःशस्त्र लोकांची कत्तल केली. उरलेल्यांस गुलाम म्हणून विकले. पुढल्या वर्षी रोममध्ये हे प्रकरण उभे राहिले. वृद्ध केटोने गाल्बाविरुद्ध भाषण केले. परंतु गाल्बाने आपली लहान मुले लोकांपुढे आणून करुणा भाकली आणि तो सुटला. त्याच वर्षी, इ. स. पूर्व १४९ मध्ये, प्रांतांतून अन्यायाने उकळलेल्या द्रव्याच्या भरपाईसाठी रोमने पहिले कायम न्यायालय स्थापन केले. कायद्याच्या अभ्यासकांस ही तारीख ठाऊक असते. तिच्या शेजारी गाल्बाचे प्रकरण ठेवून पाहिले म्हणजे ती बोलकी होते. त्या कत्तलीतून वाचलेल्यांपैकी व्हिरियाथस नावाच्या पुरुषाने पुढे लुसितानींचे नेतृत्व केले. रोमला त्याचा रणांगणावर पाडाव करता आला नाही, इ. स. पूर्व १३९ मध्ये त्याच्याच माणसांना फितवून त्याचा झोपेत वध करविण्यात आला.

दिलेला शब्द पाळल्याचेही उदाहरण तेथेच मिळते. लुसितानींच्या मुलखात, आजच्या स्पेनमधील आल्कांतारा गावाजवळ, १९८३ साली काशाचा एक पत्रा सापडला. त्यावर इ. स. पूर्व १०४ मधील एका शरणागतीची नोंद आहे. त्या लोकांनी कैदी व पळवून नेलेली घोडी परत केली. मग रोमन सेनापती लुसियस सेसियस याने त्यांना स्वातंत्र्य दिले, आणि शेते, घरे, कायदे व शरणागतीच्या आदल्या दिवशी त्यांचे जे जे होते ते सारे त्यांस परत केले. मात्र या उदार वाक्याच्या शेवटी एक लहानसे कलम जोडले आहे. हे सारे टिकावयाचे ते रोमन जनतेची इच्छा असेल तोपर्यंतच! वकिली पेशातल्या माणसाची नजर नेमकी तेथे अडते. दिलेले सर्व काही खरे. परंतु ते परत घेण्याचा अधिकारही देणाऱ्यानेच राखून ठेवला. पुढील दोन हजार वर्षांतील बहुतेक कौलांच्या पोटात हे कलम लिहिलेले वा न लिहिलेले होतेच, असे आम्हांस वाटते.

ऑगस्टसच्या काळात लुसितानिया हा स्वतंत्र प्रांत झाला आणि अल्गार्व त्यात आला. ओस्सोनोबा, म्हणजे आजचे फारो, हे त्यातील मुख्य नगर. किनाऱ्यावर मासळी खारविण्याचे हौद उठले आणि तेथील मत्स्यरस दूरदूरच्या बाजारपेठांत जाऊ लागला. रोमन कारभाराची रीत पाहावयाची तर उत्तरेस आल्जुश्त्रेल येथील खाणीत सापडलेले दुसऱ्या शतकातील ताम्रपटासारखे पत्रे पाहावेत. स्नानगृह स्त्रियांना सकाळी व पुरुषांना दुपारनंतर उघडे राहील, पुरुषांनी अर्धा ‘आस’ व स्त्रियांनी एक ‘आस’ द्यावा, न्हावी व चांभार यांचे मक्ते कसे असावेत, इथपर्यंत बारीक तपशील त्यांत आहे. आणि शाळामास्तरांस खाणीच्या अधिकाऱ्याकडील आकारांतून मुक्त ठेवल्याचीही नोंद आहे. फारोजवळच्या मिल्रेउ येथे एका रोमन धनिकाच्या वाड्याशेजारी चौथ्या शतकातील देवालय उभे आहे. त्याच्या पायथ्याशी मासे व जलचर यांची रंगीत खडीची नक्षी आहे. पुढे त्याच वास्तूत ख्रिस्ती उपासना झाली, आणि इस्लामी काळात तिच्या आवारात दफने झाली. तीन धर्मांनी एकच जागा पवित्र मानली. भिंती त्याच राहिल्या.

रोमची सत्ता ढासळल्यावर सुएव्ही व व्हिसिगॉथ आले, आणि इ. स. ७११ मध्ये उत्तर आफ्रिकेतून मुसलमानी फौजा आल्या. दोन-तीन वर्षांत बहुतेक द्वीपकल्प त्यांच्या हाती गेले. त्या काळचा एक करार प्रसिद्ध आहे. तो द्वीपकल्पाच्या आग्नेय भागातील आहे. तरी जिंकणाऱ्यांची रीत त्यावरून समजते. इ. स. ७१३ मध्ये अब्द अल-अझीझ या सेनानीने थिओदेमिर नामक गॉथ सरदारास लिहून दिले, की त्याच्या लोकांस ठार मारले जाणार नाही, बायकामुलांपासून त्यांची ताटातूट होणार नाही, धर्माबाबत त्यांच्यावर सक्ती होणार नाही आणि त्यांची देवळे जाळली जाणार नाहीत. मोबदल्यात स्वतंत्र माणसाने वर्षास एक दिनार आणि गहू, जव, शिर्का, मध व तेल यांचा ठराविक भाग द्यावा, गुलामाने निम्मे. अशा वचनाला अरबी भाषेत एक शब्द आहे ‘कौल’, म्हणजे बोल, दिलेला शब्द. फारसीच्या वाटेने तोच मराठीत आला. आमच्याकडे राजा रयतेस कौल देतो, आणि देवही भक्तांस कौल देतो. दोहोंत एवढेच अंतर की देवाचा कौल मागे घेतल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

अल्गार्वमध्ये ही रीत किती काळ चालली, याची साक्ष भूगोलकार अल-इद्रीसी देतो. इ. स. ११५४ मध्ये पूर्ण झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने त्याच पवित्र भूशिरावरील ‘कावळ्यांच्या चर्च’चे वर्णन केले आहे. ख्रिस्ती सत्ता असल्यापासून त्या स्थानात काही बदल झालेला नाही. त्याच्या मालकीच्या जमिनी आहेत, यात्रिकांची दाने येतात, तेथे पाद्री व संन्यासी राहतात, आणि येणाऱ्या प्रत्येक वाटसरूस भोजन देण्याची वहिवाट आहे, असे तो सांगतो. शिखरावर नेहमी कावळे बसलेले असत. चार शतकांहून अधिक काळ परधर्मीय अमलाखाली एका देवस्थानाचे इनाम अखंड राहिले आणि अन्नछत्र चालू राहिले, ही लहान गोष्ट नव्हे. संत व्हिसेंत याच्या अस्थी तेथे होत्या अशी ख्रिस्ती परंपरा आहे. ११७३ साली त्या लिस्बनला नेण्यात आल्या, आणि आजही लिस्बन शहराच्या मानचिन्हात जहाजावर बसलेले दोन कावळे दिसतात.

अर्थात मुसलमानी अंमल नेहमी असाच उदार होता असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. ११२६ साली अल्मोराविद राज्यकर्त्यांनी अंदालुसियातील पुष्कळ ख्रिस्ती प्रजेस मोरोक्कोत हद्दपार केले. त्यांच्यानंतर आलेल्या अल्मोहादांनी ज्यू व ख्रिस्ती यांचे जुने संरक्षणच काढून घेतले. थोर ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिदीस याच्या कुटुंबास कोर्दोबा सोडावे लागले ते याच धोरणापायी. कौल मोडण्याचा मक्ता कोणा एका धर्माकडे नव्हता.

या अरबी काळात अल्गार्वची राजधानी होती सिल्व्हेश. तेथील खेड्यांतले लोकदेखील शुद्ध अरबी बोलतात व कविता करतात, अशी तिची ख्याती होती. सेव्हिलचा कविराजा अल-मुतमिद तारुण्यात येथे अधिकारी होता. त्याचा मित्र कवी इब्न अम्मार सिल्व्हेशजवळच्याच एका साध्या कुटुंबात जन्मला, प्रधानपदापर्यंत चढला, आणि शेवटी त्याच मित्राच्या हातून ठार झाला. मुतमिदही अल्मोराविदांचा बंदी होऊन १०९५ साली मोरोक्कोत मरण पावला. कृषीविद्या, पाणचक्क्या, पाट यांची त्या काळची शब्दसंपत्ती आजही पोर्तुगीज भाषेत नांदते. जकातीच्या कचेरीस पोर्तुगीज भाषेत जो ‘आल्फांदेग’ शब्द आहे, तो मुळात अरबीच.

इकडे उत्तरेस पोर्तुगालचे राज्य उभे राहत होते. पहिला राजा आफोंसो हेन्रीकिश याने ११४७ साली लिस्बनला वेढा घातला. धर्मयुद्धासाठी निघालेले इंग्रज, फ्लेमिश व जर्मन यांचे आरमार त्याच्या मदतीस होते. ऑक्टोबरमध्ये शहराने अटींवर शरणागती पत्करली. परंतु आत शिरलेल्या फ्लेमिश व जर्मन सैनिकांनी अटी धुडकावून लूटमार केली, आणि त्या गर्दीत शहराच्या वयोवृद्ध ख्रिस्ती बिशपाचाही गळा कापला, असे स्वारीबरोबर असलेल्या एका इंग्रज लेखकानेच लिहून ठेविले आहे. मुसलमानांच्या राज्यात जो बिशप जगला, तो सहधर्मीयांच्या तलवारीने मेला.

आता ज्या लेखासाठी हे सारे सांगितले, त्याकडे येतो. ११७० साली याच आफोंसो हेन्रीकिशने लिस्बन, आल्मादा, पाल्मेला आणि आल्कासेर येथील स्वतंत्र मूर लोकांस सनद दिली. तिच्यातील मुख्य गोष्टी अशा. कोणीही ख्रिस्ती वा ज्यू त्यांना अन्यायाने इजा करणार नाही. त्यांच्यातलाच, त्यांनीच निवडलेला अधिकारी त्यांचा न्याय करील. प्रत्येक प्रौढाने वर्षारंभी एक मारावेदी नाणे द्यावे. शिवाय दोन जुने कर आणि सर्व श्रमाचा दशमांश द्यावा. राजाचे द्राक्षमळे कसावेत आणि त्याचे अंजीर व तेल विकून द्यावे. त्या दोन करांपैकी एकाचे नाव पाहिले तर ते अरबी ‘जकात’ या शब्दाचेच अपभ्रष्ट रूप आहे. मुसलमान आपल्या धर्माज्ञेनुसार जे दान देत, ते आता ख्रिस्ती राजाच्या खजिन्यात जाऊ लागले. नाव तेच, घेणारा निराळा! तेव्हा ही सनद म्हणजे निव्वळ औदार्य नव्हते. जमीन कसणारा हात राजाला हवा होता, आणि तो हात टिकावा म्हणून शब्द दिला गेला. परंतु हेतू काहीही असो, जितांस एक लेख मिळाला, आणि त्याचा आधार घेता येऊ लागला.

अल्गार्ववर पहिली मोठी स्वारी झाली ती ११८९ साली. राजा सांशो याने धर्मयोद्ध्यांच्या आरमारासह सिल्व्हेशला वेढा घातला. त्याआधी त्या आरमाराने जवळच्या आल्व्होर येथे सरसकट कत्तल केली होती. सिल्व्हेशमधील पाणी संपले आणि सप्टेंबरच्या आरंभी शहर शरण आले. लोकांना आपली चीजवस्तू घेऊन जाऊ द्यावे म्हणून राजाने धर्मयोद्ध्यांना दहा हजार सुवर्णनाणी देऊ केली, रक्कम वाढवूनही पाहिली. त्यांनी ती नाकारली. अखेर अंगावरच्या वस्त्रांनिशी लोक बाहेर पडले. दोनच वर्षांनी अल्मोहाद खलिफाने शहर परत घेतले.

त्यानंतर अर्धशतकाने, १२३८ ते १२४९ या काळात, सांतियागो पंथाचे योद्धे व तिसरा आफोंसो राजा यांनी हा सारा प्रदेश कायमचा जिंकला. मेर्तोला, ताव्हिरा, सिल्व्हेश आणि शेवटी १२४९ साली फारो. मेर्तोलाच्या मशिदीचे चर्च झाले. तिची मक्केकडील कमान आजही त्या चर्चमध्ये दिसते. फारो मात्र अटींवर शरण आले. लोकांनी आपली घरे व मिळकती राखाव्यात, पूर्वीच्या राजास देत तेच कर द्यावेत, जाऊ इच्छिणाऱ्यांनी जावे, असे ठरल्याचे तेथील विजयाची बखर सांगते. पुढे १२६७ साली बादाहोज येथील तहाने अल्गार्वसंबंधीचा कास्तीलशी चाललेला वाद मिटला. आणि १२६९ च्या जुलैत तिसऱ्या आफोंसोने सिल्व्हेश, ताव्हिरा, लोले व फारो येथील मुरांना जवळजवळ ११७० च्या नमुन्यावरच सनद दिली. हाच अल्गार्वचा कौल.

हा कौल सव्वादोनशे वर्षे चालला. शहराबाहेर ‘मोरारिया’ नावाच्या वस्त्या झाल्या. तेथे मशीद होती, स्वतःचा न्यायाधिकारी होता, दफनभूमी होती. १४४६ च्या सुमारास पूर्ण झालेल्या राजा आफोंसो पाचव्याच्या नावाच्या कायदेसंग्रहात मुरांचे दायभाग त्यांच्याच धर्मशास्त्रानुसार कसे ठरवावेत, याचीही तरतूद आढळते. ख्रिस्ती राजाच्या कायद्याच्या पुस्तकात इस्लामी वारसाहक्काचे नियम असावेत, हे वाचून नवल वाटते. आमच्या गोव्यातील हिंदूंच्या रूढी व चालीरीती पोर्तुगीज फर्मानाने १८८० साली संहिताबद्ध केल्या, त्या प्रकाराची ही चारशे वर्षांपूर्वीची आवृत्तीच म्हणावी लागेल. तथापि चित्राची दुसरी बाजूही त्याच ग्रंथात आहे. वस्तीचे दरवाजे रात्री बंद व्हावयाचे, कपड्यांवर ओळखीची खूण लावावयाची, ख्रिस्ती माणसावर अधिकार चालेल असे पद घ्यावयाचे नाही. कौलाने जगण्याची हमी दिली, बरोबरीची नव्हे. आणि १४४४ साली याच अल्गार्वच्या लागोश बंदरात आफ्रिकेतून पकडून आणलेली २३५ माणसे वाटून घेण्यात आली, तेव्हा त्यांच्यापाशी दाखवावयास कोणताच कौल नव्हता.

शेवट आला तो एका विवाहाच्या अटीने. राजा मानुएल यास स्पेनची राजकन्या इसाबेल हवी होती. आणि वधूपक्षाकडून मागणी होती ती परधर्मीयांपासून राज्य मोकळे करण्याची. डिसेंबर १४९६ मध्ये मानुएलने हुकूम काढला, की ऑक्टोबर १४९७ च्या आत सर्व ज्यू व मूर यांनी राज्य सोडावे. ११७० व १२६९ च्या सनदा एका लेखणीच्या फटक्याने निकालात निघाल्या. त्यांच्यात ‘जोपर्यंत इच्छा असेल’ असे शब्द नसतील. परिणाम मात्र तोच झाला.

या हुकुमाच्या अंमलबजावणीतील एक फरक विशेष मननीय आहे. ज्यूंची लहान मुले हिसकावून त्यांचा सक्तीने बाप्तिस्मा करण्यात आला, आणि मग लिस्बनमध्ये जमलेल्या हजारो ज्यूंसही बळाने ख्रिस्ती करण्यात आले. मुरांची मुले मात्र घेतली नाहीत. त्यांना जाऊ दिले, आणि त्यांतील पुष्कळ कास्तीलमार्गे निघून गेले. असे का? सोळाव्या शतकातील राजकीय इतिहासलेखक दामियांव द गोइश याने कारण उघड सांगितले आहे. मुरांची राज्ये आफ्रिकेत व आशियात होती. तेथील ख्रिश्चनांवर त्याचा सूड उगवला गेला असता. ज्यूंचे पृथ्वीवर कोठेच राज्य नव्हते. म्हणजे दोन्ही समाजांपाशी जुने हक्क होते, दोघांचेही सारखेच मोडले. परंतु ज्याच्या पाठीशी कोणी उभे होते, त्याची मुले वाचली. बाटविलेल्या ज्यूंचे पुढे काय झाले हेही लिस्बनने पाहिले. एप्रिल १५०६ मध्ये जमावाने अशा हजारांहून अधिक ‘नव्या ख्रिश्चनां’ची कत्तल केली. राजाने दंगलखोरांस कठोर शासन केले, हेही न्यायाने नमूद केले पाहिजे.

हाच मानुएल राजा, आणि याच राजाचा सेनापती आल्बुकेर्क १५१० च्या नोव्हेंबरात गोव्यात शिरला. लिस्बनमधील मुरांची शेवटची पिढी हद्दपार होऊन तेव्हा अवघी तेरा वर्षे झाली होती. गोव्यातही शब्द दिले गेले. हिंदूंच्या जमिनी त्यांच्याकडे ठेवण्याचे व कर हलके करण्याचे वचन मिळाले. १५२६ साली खजिन्याचा मुख्याधिकारी आफोंसो मेशिया याने तिसवाडीतील गावकारांच्या रूढी व वहिवाटी यांची सनद केली. तिलाही नाव तेच ‘फोराल’, जे अल्गार्वच्या सनदेचे होते. आणि मग १५४० च्या सुमारास तिसवाडीतील देवळे पडली, देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळले. पुढील काही दशकांत साष्टी व बारदेशात तेच घडले. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळास, शांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास गेली, तेव्हा अंत्रुज महाल आदिलशाही अमलात होता. खाडीच्या पलीकडे दुसरे राज्य होते, म्हणून देव वाचले. गोइशचे वाक्य येथेही लागू पडते.

या इतिहासातून परधर्मीयांविषयी द्वेष शिकावयाचा असेल तर तो वाचण्याचे श्रम व्यर्थ होत. भूशिरावरचे अन्नछत्र मुसलमानी राज्यात चालले, मोरारियातील मशीद ख्रिस्ती राज्यात चालली, आणि दोन्ही ठिकाणी ती बंद पाडणारेही निघाले. आम्हांस त्यातून कायद्याचा एक धडा दिसतो. कौल आणि हक्क या दोन भिन्न वस्तू आहेत. कौल देणाऱ्याच्या मर्जीवर जगतो. हक्क देणाऱ्यालाही बांधतो. भारतीय राज्यघटनेच्या २५ व २६ या कलमांनी उपासनेचे व धर्मसंस्थांच्या कारभाराचे जे स्वातंत्र्य सांगितले आहे, ते १३ व्या कलमाच्या आधारे राज्यसत्तेच्या विरोधातही न्यायालयात मागता येते. आल्कांतारच्या पत्र्यावरील त्या लहानशा कलमास दोन हजार वर्षांनी मिळालेले हे उत्तर आहे. ते केवळ आमच्यासाठी नाही; आमच्या शेजारच्या चर्चसाठी व मशिदीसाठीही तेच आहे, आणि म्हणूनच ते बळकट आहे. एकाचा हक्क मोडू दिला की उरलेल्यांचे पुन्हा कौल होतात.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. अल्गार्वच्या मुरांविषयी आज जे कळते ते बहुतांशी राजाच्या दप्तरातून. त्यांच्या स्वतःच्या हातचे कागद अगदी थोडे उरले. सनद देणाऱ्याने आपली प्रत जपली. ज्यांच्या जगण्यासाठी ती होती, त्यांचे दप्तर विखुरले. आमच्या देवस्थानांच्या कपाटांतून महाजनांच्या याद्या, जमिनींचे उतारे, जुन्या वहिवाटीचे ठराव आणि मोडी लिपीतील रुमाल पडून आहेत. त्यांना वाळवी लागण्यापूर्वी त्यांची नीट यादी व्हावी, प्रती व्हाव्यात, आणि ते वाचू शकणारी दोन तरुण माणसे प्रत्येक देवस्थानाने तयार करावीत. पुढे कोणत्याही न्यायासनासमोर आमची बाजू मांडण्याचा प्रसंग आलाच, तर तेथे भक्ती पुरावा म्हणून चालणार नाही, कागद लागेल.